देवीचा हुकूम

सुकापूरच्या त्या तीन मजली घरात सगळ्यांना झोप मिळत होती. निकेशला एसीत, त्याची आई ठमाबाई हिला टीव्हीसमोर, कुत्र्याला गाडीखाली. नव्हती ती फक्त सुनेला, प्राचीला. धाकटा सहा महिन्यांचा, मोठी तीन वर्षांची. एक निजला की दुसरी उठायची.

प्राची भातात दोनदा मीठ टाकायला लागली, नळ सोडून रडत बसायला लागली. पनवेलच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ताण आलाय. रोज दुपारी हिला झोपू द्या, मुलं दुसऱ्या कुणीतरी सांभाळा."

घरी येऊन मायलेक पोटभर हसले.

"तान? घरात मशीन हाय, मिक्सर हाय!" ठमाबाई म्हणाली. "आमी पोरा झोलीत टाकून भात लावला. आमाला कवा नाय आला तान!"

"आनि मी दिवसभर उन्हात मरतो, त्याचा काय?" निकेश म्हणाला. तो उलव्याच्या बांधकामांना रेती पुरवायचा, म्हणजे गाडीत बसून फोन करायचा.

मंगळवारी घरी नेहमीची गावदेवीची आरती होती. धुपाच्या धुरात, कडेवर पोर घेऊन उभ्या प्राचीला अंधारी आली. अंबाडा सुटला, ती झोकांड्या खायला लागली.

"आई आली गो, आई आली!" शेजारची कुमुद ओरडली आणि तिने पोर झटकन काढून घेतलं.

प्राचीने डोळे उघडले तर सगळे हात जोडून उभे. निकेशने चक्क फोन खिशात ठेवलेला. नुसती चक्कर आली, असं ती सांगणार होती. पण कडेवरचं ओझं उतरलं होतं आणि इतकं बरं वाटत होतं, की ती घुमतच राहिली.

"आई, काय चुकला आमचा?" ठमाबाईने विचारलं.

"माज्या लेकीला रोज दुपारी निजू द्या," प्राची घोगऱ्या आवाजात म्हणाली. "पोरा ह्यो सांभालंल." बोट निकेशकडे.

"पन आई, मना साइटवर..."

"गप रं मेल्या! देवीला उलटा बोलतंस?" ठमाबाईने त्याच्या पाठीत धपाटा घातला.

डॉक्टरीणबाईही हेच म्हणाल्या होत्या. पण त्यांचे केस नीट बांधलेले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी निकेश खांद्यावर पोर घेऊन ओटीवर येरझाऱ्या घालत होता. ठमाबाईने प्राचीच्या खोलीचा पडदा ओढला आणि हळूच म्हणाली, "पुडच्या मंगलवारी जरा जोरात घुम. कुमुदला संशय आलाय."

प्राची ताडकन उठून बसली. "तुमाला कसा कलला?"

"निकेस लहान होता तवा माज्या पन अंगात अशीच यायची."

"मंग डाक्टरकडून आल्यावर कशाला हसलात?"

"नसते हसले तर पोरा माज्या गल्यात पडली असती," ठमाबाई म्हणाली आणि टीव्ही लावायला निघून गेली.