चौथ्या चित्रातला कडा

मेरेआना मावशीला कुणी सांगावं, की बाई, आता पुरे कर? सकाळचा चहा झाला की चष्मा नाकावर आणि लॅपटॉप मांडीवर. पडद्यावर जुन्यापुराण्या अडगळीचं चित्र, खाली यादी: पितळी दिवा शोधा, फुटका रांजण शोधा, सिंहाचं नाणं शोधा. वस्तू सापडली की ही स्वतःशीच म्हणते, "सापडलास की नाही, चोरा!"

हा नवा खेळ तर घरचाच. मावशीचा भाचा, म्हणजे माझा मामेभाऊ तामाती, ऑकलंडच्या एका कंपनीत असली चित्रं काढतो. एक बुडालेलं ग्रीक नगर, आणि तिथे उत्खनन करणारी एक बाई, असा विषय. बाजारात यायच्या आधी त्याने आत्याला खेळून बघायला पाठवला होता.

चौथं चित्र उघडलं आणि मावशीची हाक आली, "तूरिया! हातातलं टाक आणि इकडे ये."

चित्रात पुढे संगमरवरी खांब, रांजण, तुटके पुतळे. पण मागचा कडा आमचा होता. आमच्या खाडीतला. एकमेकांत गुंतलेली पोहुतुकावाची दोन झाडं, त्यांच्याखाली दगडातला पांढरा पट्टा, आणि पट्ट्याखाली काळी फट. त्या फटीत आमची माणसं आहेत. आजोबांचे आजोबा, आणि त्यांच्याही आधीचे. त्यांची हाडं कुठे ठेवली आहेत हे घराण्यात मोजक्यांनाच सांगतात. पूर्वी लोक असल्या गुहा फोडायचे, हाडं आणि कोरीव पेट्या नेऊन विकायचे. आता तसं होत नाही म्हणणाऱ्याने एकदा माझ्यासमोर येऊन म्हणावं.

यादीतली शेवटची वस्तू होती कवटी. मावशीने सूचनेचं बटण दाबलं. सोनेरी चमक चित्रभर फिरली आणि बरोब्बर त्या फटीवर येऊन थांबली.

"मेल्याने कुठे ठेवलीय बघ," मी म्हटलं.

मावशीने तिथल्या तिथे फोन लावला.

"तामाती, तो चौथ्या चित्रातला कडा पुसून टाक. आत्ताच्या आत्ता."

"आत्या, अगं, सगळ्यांना तेच चित्र आवडलंय! लहानपणी बाबांच्या होडीतून बघायचो ना, तेच आठवून—"

"पुसतोस की नाही?"

"पण का?"

ही गोष्ट फोनवर सांगत नाहीत. आणि तामातीला तर ती कधी सांगितलीच नव्हती. शहरातलं पोर, तोंडात तीळ भिजत नाही, असं म्हणून तिनेच त्याला वगळलं होतं. ज्याला ठाऊक असतं त्याने मेला तरी तो कडा काढला नसता.

"मी सांगते म्हणून," ती शेवटी म्हणाली.

"बरं बाई, पुसतो. पण आत्या, हा खेळ आधीच कितीतरी जणांकडे तपासायला गेलाय. एकाने तर लिहिलंय, हा कडा खरा आहे, आम्ही तिथे मासे धरतो."

मावशीने फोन माझ्या हातात कोंबला. "त्याला म्हणावं, निघ. घरी ये."

तो पोचायच्या आधी होडी आली. कड्याखाली दोन पोरगे, एकाच्या खांद्यावर दोर. मी खडकांवरून धडपडत गेले आणि ओरडले, "काय रे, काय हरवलंय?"

"काही नाही, ताई! एका खेळात ही जागा आहे. त्या भोकात कवटी असते. म्हटलं, बघावं खरंच आहे का!"

दोघांना धरून समुद्रात बुचकळावंसं वाटलं. पण मी चिडले असते तर तिथे काहीतरी आहे हे त्यांना कळलंच असतं. म्हणून हसले. आईशप्पथ, दात काढून हसले.

"चढा की! दरड सुटलीय तिथली. मग कवटी तुमचीच सापडेल."

त्यांनी वर बघितलं. एकाने दोर खाली ठेवला, दुसऱ्याने फटीचे फोटो काढले. "उद्या शिडी आणू रे," तो म्हणाला, आणि होडी वळली.

तामाती संध्याकाळी आला. मावशी त्याला एका शब्दाने बोलली नाही. अंगणात बसवून फक्त सगळं सांगितलं. त्याचा चेहरा उतरत गेला.

"आत्या, मला सांगितलं असतंस तर..."

"तर नसतास काढला. माझंच चुकलं."

तो ढसाढसा रडला.

उजाडताना आम्ही तिघं आमच्या माणसांना तिथून हलवायला निघालो, उपाशीच; त्यांना हात लावायच्या आधी खात नाहीत. फटीपाशी मावशीने प्रार्थना म्हटल्या, आतल्या एकेकाला नावाने हाक मारली, त्यांना कुठे नेतोय ते मात्र सांगितलं नाही. हाडं कापडात बांधून ती गाठोडी आम्ही रानातल्या ओढ्यापर्यंत आणली. तिथे ती थांबली.

"तूरिया, तू इथून परत फिर."

"मी? आणि हा येणार? ज्याने अख्ख्या जगाला दाखवलं, तो?"

"नवी जागा माझ्यामागे एकालाच ठाऊक असायला हवी."

"मग मला सांग ना! तुझ्यापाशी मी राहते. मी कधी चुकले का?"

"नाही चुकलीस. म्हणून तुला चुकण्याचा धाक नाही. ह्याला आता जन्मभर राहील."

राग अनावर झाला होता, तरी माझ्या हातातलं गाठोडं मी तामातीच्या हातात दिलं. त्याने ते छातीशी घट्ट धरलं.

ते दोघं झाडीत शिरले. मी ओढ्यात हात धुतले, डोक्यावर पाणी शिंपडलं आणि रडत रडत घरी आले. आमची माणसं कुठे आहेत, ते मला आता ठाऊक नाही.