टेबलावरून उठेपर्यंत

यादी लागायच्या दिवशी त्या संघाची न्याहारी काही केल्या संपत नसे. एरवी दोन घासांत ताट रिकामं करून मैदानाकडे पळणारी माणसं त्या दिवशी ब्रेडचा एकेक तुकडा नुकतेच दात आल्यासारखी चावत बसायची. कारण साधं होतं. अण्णा जेवणाच्या टेबलावरून कुणाला उठवत नाहीत, हे सगळ्यांना ठाऊक होतं. जो उठला त्यालाच बोलावणं.

अण्णा फुटबॉल संघाचे व्यवस्थापक. प्रवास, खोल्या, धुणं, बूट, सगळं त्यांच्याकडे. आणि वर्षातून एकदा, मोसम सुरू व्हायच्या आधी, सरावाला आलेल्यांपैकी ज्यांना ठेवायचं नाही त्यांना नारळ द्यायचं कामही त्यांच्याचकडे. ठरवायचं कोचनी, सांगायचं अण्णांनी. तोंडावर सगळे त्यांना अण्णा म्हणत आणि पाठीमागे यमदूत. अण्णांना ते माहीत होतं. "मग रेडाही द्या की," ते एकदा भर मैदानात म्हणाले होते, "चालून चालून माझे पाय दुखतात."

टेबलाचा नियम मात्र त्यांचा नव्हता, त्यांच्या बायकोचा होता. "उपाशीपोटी कुणाला घालवू नका," ती म्हणायची. "आणि खोलीत नेलंत की पहिल्याच वाक्यात सांगून टाका. आधी हवापाण्याच्या गप्पा आणि मग मानेवर सुरी, असलं काही करू नका." ती गेल्याला वर्ष होत आलं होतं. नियम चालू होते.

त्या सकाळी तिघांना जायचं होतं. पहिला फारच कोवळा होता. तो रडला, पाणी प्यायला आणि गेला. दुसरा आक्रमक फळीतला, सगळे त्याला गोट्या म्हणायचे.

"अण्णा, माझं पोट फुटायच्या आत सांगा," तो खोलीत शिरतानाच म्हणाला. "सहा अंडी झाली."

"तुला ठेवत नाहीयेत."

गोट्या खुर्चीत बसला. "मला वाटलंच होतं. म्हणून तर सहा खाल्ली."

"खालच्या गटातल्या संघाशी बोललोय मी. परवा ये म्हणालेत, बूट घेऊन."

"परवापर्यंत पचतील ना?" असं म्हणत गोट्याने त्यांना मिठी मारली आणि बॅग भरायला गेला.

राहिला शिडी.

शिडी म्हणजे संघाचा जुना बचावपटू. उंच, हाडकुळा, हवेतला कुठलाही चेंडू डोक्याने परतवणारा. बाकीच्यांना तो वडीलभावासारखा. गेल्या मोसमात त्याचा गुडघा दुखावला होता, पण त्या सकाळी तपासणीत तो पास झाला. उठाबशा काढल्या, धावला, उड्या मारल्या. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, दुखतंय का? तो म्हणाला, छे!

"झालं तर मग," कोच अण्णांना म्हणाले होते. "जखमी असता तर गोष्ट वेगळी. तंदुरुस्त आहे म्हणतोय, आणि तंदुरुस्त माणूस एवढा हळू धावत असेल तर मी काय करू? दुपारी यादी पाठवायचीय. सांग त्याला."

हीच तर गंमत होती. जखमी खेळाडूला मोसम संपेपर्यंत काढता येत नसे. त्याची जागा दुसऱ्याला द्यायची, पण पगार आणि उपचार संघाने सांभाळायचे, बरा झाला की परत घ्यायचं. अट एकच. दुखणं निरोप मिळायच्या आधी सांगायला हवं. नंतर चालत नसे, कारण निरोप मिळाल्यावर प्रत्येकाचाच गुडघा दुखायला लागतो.

अण्णा भोजनखोलीच्या दारात येऊन उभे राहिले. आत शिडी एकटाच उरला होता. आचारी ताटं उचलून कंटाळला होता.

"अरे, टेबल पुसू दे की आता," आचारी म्हणाला. "टेबलासकट खाणार आहेस का?"

"एक चहा अजून."

"चहा संपला. पातेलंही धुतलं."

शिडीने अण्णांकडे पाहिलं आणि हसला. मग त्याने दोन्ही तळहात टेबलावर टेकले, सगळं वजन हातांवर घेतलं, डावा पाय मागे ओढला आणि एका उजव्या पायावर वर आला. वर आल्यावर क्षणभर तसाच थांबला, काहीतरी आठवत असल्यासारखा. मग म्हणाला, "फार वेळ बसलो ना, पाय आखडला जरा."

ते वाक्य अण्णांनी आख्खा हिवाळा ऐकलं होतं. त्यांची बायको जेवून उठताना असाच टेबलाचा आधार घ्यायची, अशीच थांबायची आणि हेच म्हणायची. अण्णाही 'बरं' म्हणून पेपर वाचत बसायचे. दवाखान्यात जाईपर्यंत तिने दुसरं काही सांगितलं नाही.

खोलीपर्यंत चालताना शिडी मोकळा झाला. दाराशी पोचला तेव्हा लंगडण्याचं नावही नव्हतं. म्हणजे सकाळी हेच झालं असणार. उजाडायच्या आधी उठून गरम पाण्याने शेकलं असणार, सायकल मारली असणार, आणि गुडघा तापलेला असतानाच पठ्ठ्या तपासणीला जाऊन आला. नंतर मरणाची भीती वाटून न्याहारीला बसून राहिला आणि तिथेच गुडघा थंड पडला.

शिडी खुर्चीत बसला. "हं, अण्णा. बोला."

अण्णांनी पाण्याचा ग्लास पुढे केला. पहिलं वाक्य ओठांवर होतं. एकदा तोंडातून निघालं की निघालं, ते परत गिळून नाटक करणं त्यांना जमणारं नव्हतं. डॉक्टरीणबाईंना बोलावलं असतं, तर याने त्यांच्यासमोर बेडूकउड्या मारून दाखवल्या असत्या.

"काय उकडतंय रे आज," अण्णा म्हणाले.

शिडी बघतच राहिला. "उकडतंय? तुम्ही स्वेटर घातलाय."

"म्हणूनच उकडतंय."

"अण्णा, काय असेल ते सांगा ना एकदाचं."

"सांगतो. घाई काय आहे? गुडघा कसा आहे?"

"एक नंबर."

"मुली कशा आहेत?"

"मजेत. धाकटी सगळ्यांना सांगत फिरते, पहिल्या सामन्यात बाबा खेळणार म्हणून. अण्णा, तुम्ही असं कधी करत नाही. तुम्ही पहिल्या फटक्यात सांगता."

"वय झालं माझं."

मग अण्णांनी खिडकीच्या पडद्याबद्दल सांगितलं, नव्या बुटांचे तळवे कसे निघतात ते सांगितलं, धोब्याने कुणाचे मोजे कुणाला दिले ते सविस्तर सांगितलं. शिडी आधी हसला, मग वैतागला. खुर्चीखाली त्याने पाय लांब करायचा प्रयत्न केला आणि अर्ध्यातच सोडून दिला. दारावर टकटक झाली. कोचनी डोकं आत घातलं.

"झालं का रे? यादी पाठवायचीय."

"बोलतोय आम्ही," अण्णा म्हणाले.

"अजून? तू इथे लग्न जुळवतोयस का?"

"कोच, पाच मिनिटं द्या."

कोचनी एकदा अण्णांकडे, एकदा शिडीकडे पाहिलं, तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटले आणि दार लोटून घेतलं. अण्णा उठले.

"चल," ते म्हणाले. "कोचकडे जाऊ. ऊठ."

शिडीने खुर्चीचे हात धरायला हात खाली नेले. त्या खुर्चीला हात नव्हते. समोर टेबलही नव्हतं. तो पुढे वाकला, अर्धा उठला आणि परत बसला. पुन्हा प्रयत्न केला. त्याच्या कपाळावर घाम आला. अण्णा मदतीला पुढे झाले नाहीत. उभे राहिले, बघत. बघणं सोपं नव्हतं.

"दुखतंय का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मी तुला अजून काहीही सांगितलेलं नाही. कळतंय का? काहीही नाही. म्हणून परत विचारतो. दुखतंय का?"

शिडी खाली बघत राहिला. "जखमींच्या खोलीत गेलेला माणूस परत येतो का, अण्णा? सगळे दारातूनच 'काय, कसं काय' करून जातात. मीही तेच करायचो."

"न सांगता गेलेलं माणूस मात्र अजिबात परत येत नाही," अण्णा म्हणाले. आवाज चढला होता, त्यांचा त्यांनाच तो ओळखू आला नाही. "निदान तू तरी तोंड उघड रे."

शिडीने लांबलचक हात पुढे केला.

"हात द्या, अण्णा. नाही उठता येत. महिनाभर झाला, बसलो की उठता येत नाही."

डॉक्टरीणबाईंनी गुडघा गार असताना पुन्हा तपासला आणि शिडीला अशा काही शिव्या घातल्या, की मैदानावर त्याने तशा ऐकल्या नव्हत्या. बाईंच्या मते या गुडघ्यावर तो आणखी थोडे दिवस धावला असता, तर पुढे मुलींच्या मागेही धावता आलं नसतं. आता शस्त्रक्रिया, मग विश्रांती, मग बघू. कोचनी कपाळाला हात लावला.

"गाढवा, दुखतंय तर सांगायचं ना! मला वाटलं, म्हातारा झालास!" मग ते अण्णांकडे वळले. "आणि तू? तुला केव्हा कळलं?"

"न्याहारीला."

"मग मला नाही सांगितलंस?"

"त्यानेच सांगायला हवं होतं."

कोचनी यादी घेतली, शिडीचं नाव जखमींमध्ये लिहिलं आणि निघून गेले. जाता जाता दारातून मागे आले आणि शिडीच्या पाठीत एक गुद्दा घातला. जोरात नाही.

दुपारी शिडी गुडघ्यावर बर्फ ठेवून फोनवर बायकोशी बोलत होता. "नाही, काढलं नाही. दुखतंय. हो, सांगितलं. हो गं बाई, मीच सांगितलं. आता ओरडू नकोस." फोन त्याने कानापासून लांब धरला, तरी पलीकडचा आवाज ऐकू येत होता. मग त्याने तो अण्णांकडे दिला. "तुमच्याशी बोलायचंय म्हणते."

"अण्णा," ती म्हणाली, "याची खोली वरच्या मजल्यावर आहे ना? याला जिना चढू देऊ नका. हा चढेल. मी ओळखते याला."

"नाही चढू देत, सूनबाई. निर्धास्त राहा."

खालच्या मजल्यावर एकच खोली रिकामी होती, अण्णांच्या खोलीला लागून. बायको गेल्यापासून अण्णा घराला कुलूप लावून इथेच, संघाच्या वसतिगृहात, राहत होते. त्यांनी शिडीचं सामान स्वतः खाली आणलं. बॅग चांगलीच जड होती.

"दगड भरलेत का यात?"

"मुलींनी दिलेत. खरंच दगड आहेत, रंगवलेले. खिडकीत ठेवा, म्हणाल्यात."

अण्णांनी ते एकेक करून खिडकीत मांडले. शिडी पलंगावरून सांगत राहिला, हिरवा इकडे, तो मासा आहे, तोंड बाहेर हवं त्याचं. अण्णांनी माशाचं तोंड बाहेर केलं.

"अण्णा, एक आधीच सांगून ठेवतो. मी फार घोरतो. मधली भिंत पातळ आहे."

"घोर," अण्णा म्हणाले. "आवाज असलेला बरा."