भिंतीची पाठ

दुपारी अडीच वाजता, परीक्षेची घंटा व्हायला जेमतेम तास उरलेला असताना, बाबांनी बंद केलेली भिंत पुन्हा उघडायला घेतली.

लेक त्याच भिंतीच्या शेजारच्या कप्प्यासमोर गुडघ्यांवर बसून ग्लासवूलची गादी कापत होती. स्क्रू उलटा फिरतोय हे तिला आधी आवाजावरून कळलं, मग तिने मान वर केली. तोवर प्रशिक्षण केंद्राच्या त्या लांबलचक शेडमधल्या दोन-तीन जोड्याही हातातलं काम टाकून बघायला लागल्या होत्या.

घरांच्या भिंतीत आणि छतात थंडी-ऊन अडवणाऱ्या गाद्या भरणं हा बाबांचा जन्माचा धंदा. लेक त्यात अलीकडे उतरली. गिऱ्हाइकं आणि गाडी तिच्याकडे, भिंती बाबांकडे. आता इस्पितळाच्या नव्या बालविभागाचं काम निघालं होतं आणि ते फक्त प्रमाणपत्र असलेल्या कॉन्ट्रॅक्टरांनाच मिळणार होतं. त्यासाठी आठवडाभर इथे येऊन काम शिकायचं आणि शेवटी एक भिंत भरून दाखवायची. घंटेच्या आत ती बंद झाली नाही तर जोडी नापास, पुढची संधी थेट वर्षाने. तोवर बालविभाग दुसऱ्या कुणीतरी भरलेला असणार.

बाबा आले होते ते ‘मला काय शिकवणार’ अशा थाटात. धंद्यात त्यांना ठासूशेठ म्हणत आणि ते नाव ते मिरवत. गादी मुठीने ठासून भरायची, वर बोर्ड चढवायचा, तळवा दाबून बघायचा. भिंतीने तळव्याला उलट रेटा दिला की काम पक्कं. या कसोटीवर त्यांनी अर्धं गाव भरलं होतं.

पहिल्याच दिवशी प्रशिक्षक बाईंनी त्यांना नमुन्याची एक भिंत भरायला दिली. मधून पाण्याचा पाइप गेलेला. बाबांनी नेहमीच्या सफाईने ती भरली, तळवा दाबला, भिंतीने रेटा दिला. बाईंनी मान डोलावली आणि सगळ्यांना मागच्या बाजूला बोलावलं. मागचा बोर्ड पारदर्शक होता.

मधोमध गादी दगडासारखी गच्च. चारही कोपरे रिकामे. आणि पाइपच्या मागे, वरपासून खालपर्यंत, हात जाईल एवढी मोकळी गल्ली. कोल्ड स्टोरेजची कामं करणारा एक थट्टेखोर गडी होता, बर्फवाले म्हणत त्याला. ठासूशेठ, या गल्लीत भाडेकरू ठेवा की, असं तो म्हणाला आणि हशा पिकला. बाबा हसले नाहीत, चिडलेही नाहीत. नुसते बघत राहिले. जन्मभर भिंती भरल्या, पण भिंतीची पाठ त्यांनी कधी बघितलीच नव्हती.

लेकीला ती गल्ली बघून स्वतःची खोली आठवली. तिच्या पलंगाशेजारची भिंत बाबांनीच भरलेली, आत न्हाणीघराचा पाइप. लहानपणी ती कुडकुडत तक्रार करायची आणि बाबा ठासून सांगायचे, भिंतीत खोट नाही, तुझं अंगच थंड. आईने शेवटी मोजे विणून दिले होते. परतताना गाडीत हा विषय तिने काढला नाही, बाबांनीही नाही.

बाईंनी शिकवलेली रीत साधी होती. पाइपच्या जागी गादी मधोमध चिरायची, अर्धी मागे सरकवायची, अर्धी पुढे घ्यायची, कोपऱ्यात बोटांनी फुलवायची. ढकलायची नाही. बाबांना ती लगेच पटली. हात मात्र ऐकेनात. चहाच्या सुट्टीत ते शेडमागे बसून टाकाऊ तुकडे चिरायचे. मालकीणबाई, जरा बघा, म्हणून लेकीला दाखवायचे, आणि ती नाक मुरडून पुन्हा करायला लावायची.

आणि परीक्षेच्या दिवशी, घड्याळाच्या धाकात, हातांनी दगा दिलाच.

“बाबा, काय झालं?”

“रेटा देतेय.”

“म्हणजे?”

“ठासलीय मी. पाइपमागे काही नाही.”

तिने घड्याळाकडे बघितलं. तिचा कप्पा अजून उघडाच होता. उद्या उष्णता दाखवणारा कॅमेरा भिंतीवरून फिरणार होता, रिकामी जागा त्यात डागासारखी दिसणार होती, आणि नियम तिला पाठ होता.

“एक डाग माफ आहे,” ती हलक्या आवाजात म्हणाली. “उशीर माफ नाही. राहू द्या.”

बाबांनी पुढचा स्क्रू काढला.

“त्या वॉर्डात हात असेच वागले तर एखाद्या पोराची खाट नेमकी डागापाशी यायची,” ते म्हणाले. “त्याला काय सांगू? तुझं अंगच थंड?”

ती उठली आणि बोर्डाची दुसरी बाजू धरली. सगळ्या शेडसमोर स्वतःचं काम उसवणाऱ्या या माणसाची लेक असल्याचं तिला त्या क्षणी ओरडून सांगावंसं वाटलं. त्याऐवजी तिने त्यांना धारेची सुरी दिली.

बाबांनी गोळा झालेली गादी फेकली, नवी घेतली, एका दमात चिरली. अर्धी मागे, अर्धी पुढे. बोटं कोपऱ्यांत अशी फिरली की जणू झोपलेल्या मुलाचं पांघरूण सारखं करतायत. बर्फवाल्याची भिंत कधीच बंद झाली होती. मदतीला मनाई, म्हणून तो जागेवरूनच उरलेली मिनिटं मोठ्याने सांगत राहिला आणि थट्टा एकही केली नाही. दोघांनी मिळून लेकीचा कप्पा भरला. शेवटचा स्क्रू आत जात असतानाच घंटा झाली.

बाबांनी सवयीने तळवा दाबला. भिंत गप्प होती.

बाईंनी येऊन त्या स्क्रूवरून बोट फिरवलं. तो घंटेच्या आत बसला की नंतर, हे त्यांनी सांगितलं नाही. कॅमेरा फिरू दे, मग दोन्ही एकदमच सांगते, एवढंच म्हणाल्या. मग जाता जाता पाइपच्या कप्प्यापाशी थांबल्या आणि बाबांकडे बघून पहिल्या दिवसासारखीच मान डोलावली.

घरी आल्यावर बाबांनी चहासुद्धा घेतला नाही. निकाल तरी येऊ द्या, मग काय तो पसारा घाला, असं आईने दारातून सुनावलं. या भिंतीचा निकाल लागलाय, ते म्हणाले.

लेकीचा पलंग आता खोलीच्या मधोमध आहे. भिंतीचे पहिले दोन स्क्रू निघाले आहेत, तिसरा गंजलाय. परीक्षेचा निकाल उद्या दुपारी कळेल.