बॅग गहाळ झाल्याची नोंद

पोलीस ठाण्यात त्याला सगळे गहाळकर म्हणत. हे काही त्याचं खरं आडनाव नव्हतं. सोबतच्या हवालदारांनी थट्टेनं चिकटवलेलं होतं, आणि त्यानं ते स्वकष्टानं कमावलंही होतं. नोंदीच्या टेबलाशी बसून अकरा वर्षांत त्यानं इतक्या चोऱ्या गहाळ करून दाखवल्या होत्या की एखाद्या जादूगारानं कान धरावेत.

कुणी येऊन सांगायचं, पाकीट मारलं. गहाळकर शांतपणे विचारायचा, "मारताना पाहिलंत?" आता पाहिलं असतं तर मारू दिलं असतं का? पण ठाण्याची पायरी चढेपर्यंत माणूस निम्मा गळालेला असतो. तो म्हणायचा, "नाही." "मग गहाळ." चोरी लिहिली की तपास आला, पंचनामा आला, आणि महिन्याच्या बैठकीत मोठ्या साहेबांनी वाढलेला आकडा वाचून लहान साहेबांची बिनपाण्यानं करणं आलं. गहाळ लिहिलं की सगळेच सुटले. शिवाय लोकांना तरी चोर कुठे हवा असतो? त्यांना हवा असतो कागद. लायसनची दुसरी प्रत काढा, बँकेचं नवं कार्ड घ्या, विमा मागा, प्रत्येक खिडकीवर प्रश्न एकच: पोलिसांत नोंद केलीत का? कागद दाखवला की काम फत्ते. आपण लोकांची सोय पाहतो, असं गहाळकर छातीवर हात ठेवून सांगे, आणि गंमत म्हणजे त्याला ते मनापासून वाटे.

बाई आल्या त्या एका दुपारी. कोपर सोललेलं, चप्पल एकाच पायात. त्या शाळेत शिकवायच्या. बसथांब्यावर मोटारसायकलवरच्या दोघांनी त्यांची बॅग हिसकावली होती, आणि बॅगेत तपासायला घरी नेत असलेले वार्षिक परीक्षेचे पेपर होते. एका अख्ख्या वर्गाचे, बासष्ट.

"पैसे किती होते?" गहाळकरनं विचारलं.

"ते गेले तर गेले हो. मुलांचे पेपर आहेत त्यात!"

गहाळकरनं त्यांना पाणी दिलं, खुर्ची दिली, आणि मग आपला नेहमीचा सल्ला दिला. "बाई, स्पष्ट सांगू? चोरी लिहिली तर कोर्टाच्या खेपा. शाळा सांभाळाल की कोर्ट? तुम्हाला शाळेत दाखवायला कागदच हवाय ना? गहाळ लिहितो. दहा मिनिटांत प्रत हातात."

"पण गहाळ नाही झाली. ओढली त्यांनी. मी पडले."

"अर्थ एकच हो. बॅग गेली ना?"

बाईंनी कोपरावरचा रुमाल घट्ट केला. त्यांना घरी जायचं होतं, मुख्याध्यापिकांना फोन करायचा होता. 'बसमधून उतरताना नजरचुकीने बॅग गहाळ झाली,' हे वाक्य गहाळकरच्या हाताला इतकं पाठ होतं की बघावंही लागलं नाही. बाईंनी सही केली. एका भल्या बाईचे हेलपाटे वाचवले म्हणून त्या संध्याकाळी तो स्वतःवर खूश होता.

दीड महिन्यानं शाळेचं पत्र आलं. बाईंची चौकशी होती, नोंदवही घेऊन हजर राहावं. लहान साहेब म्हणाले, "जा, सही ओळखून ये. फार तोंड उघडू नकोस. जमादाराच्या बढतीसाठी तुझं नाव वर गेलंय."

शाळेच्या कारकुनानं त्याला बाकावर बसवता बसवता सगळं सांगून टाकलं. बासष्ट मुलांना परीक्षा पुन्हा द्यावी लागली, पालक खवळले. बाई तीन वर्षं तात्पुरत्या. याच महिन्यात कायम व्हायच्या होत्या. "आता निष्काळजीपणा ठरला तर कायम कसलं, उद्यापासून यायचंच नाही. आई अंथरुणाला खिळलेली आहे हो त्यांची. आणि पुरावा काय, तर तुमचाच कागद."

आत टेबलाशी मुख्याध्यापिका आणि संस्थेचे वकील होते. बाई टोकाला बसल्या होत्या.

मुख्याध्यापिका म्हणाल्या, "बाई सांगतात, बॅग हिसकावली. तुमच्या कागदावर गहाळ आहे. हिसकावली असेल तर त्यांचा काही दोष नाही, विषय इथेच संपला. तुम्हीच सांगा, त्या दिवशी बाई काय म्हणाल्या होत्या?"

गहाळकरला सगळं आठवत होतं. कोपर, रुमाल, अनवाणी पाय. 'हिसकावली म्हणाल्या होत्या' एवढे तीन शब्द बोलायचे होते. पण त्याच्यामागून दुसरा प्रश्न येणार, मग तुम्ही असं का लिहिलंत, आणि तो प्रश्न पार मोठ्या साहेबांपर्यंत जाणार. त्यानं बाईंकडे पाहिलं. त्या गयावया करत नव्हत्या. उलट, उत्तर येत असूनही उभं राहायला घाबरणाऱ्या मुलाला धीर द्यावा तशी त्यांनी किंचित मान हलवली. हा माणूस खरं सांगणार, याची त्यांना खात्री होती.

"तक्रारदारांनी सांगितलं तसं लिहिलं," गहाळकर म्हणाला. "खाली सही त्यांचीच आहे."

वकिलांनी पेन उघडलं. "बाई, एक तर बॅग तुम्ही हरवलीत, नाहीतर पोलिसांना खोटं लिहून दिलंत. दुसऱ्याला शिक्षा आहे. काय लिहू?"

बाईंनी कोपरावरून हात फिरवला. मग म्हणाल्या, "पहिलं लिहा."

धरणीनं पोटात घेतलं तर बरं, असं गहाळकरला झालं. तरी अजून वेळ गेलेली नव्हती. अजूनही तोंड उघडता आलं असतं. तो समोरच्या पाण्याच्या ग्लासाकडे बघत राहिला.

मुख्याध्यापिकांना फाइलला लावायला नोंदीची नक्कल हवी होती. गहाळकर शेजारच्या खोलीत लिहायला बसला तर त्याचं पेन चालेना. नकलेवर पोच द्यायला बाईंना थांबवलं होतं. त्यांनी पर्स उघडली, "माझ्याकडे लालच आहे," म्हणाल्या, आणि कारकुनाकडून निळं पेन आणून दिलं. गहाळकरनं ते अख्खं खोटं पुन्हा एकदा पहिल्यापासून लिहून काढलं. खाली 'खरी नक्कल' लिहिलं, सही केली, शिक्का मारला.

काहीतरी बोलायला हवं होतं. माफ करा म्हणावं असं त्याच्या मनात होतं, तोंडातून आलं ते भलतंच. "तुम्ही त्या दिवशी हट्ट धरायला हवा होता, बाई."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. "हो," त्या म्हणाल्या. "धरायला हवा होता."

त्यांनी कागद घेतला आणि सवयीनं वरपासून खालपर्यंत वाचला, एकेका ओळीवर बोट ठेवत. पोचेची सही केली. मग तो परत देताना, शिकवायची सवय असेल, त्या सहज म्हणून गेल्या, "अक्षर छान आहे तुमचं."

आणि गहाळकर, आपण काय बोलतोय हे कळायच्या आत, म्हणाला, "थँक्यू, बाई."