उभं राहणाऱ्याचं जॅकेट

दुकानातल्या विक्रेत्याने पहिलं जॅकेट काढलं ते मी मागितलं म्हणून, पण दाखवलं दादाला. दादाने ते तळहातावर तोलून पाहिलं आणि म्हणाला, "वा, हातात काही आहे असं वाटतच नाही." झालं. त्याच्या लेखी खरेदी संपली होती.

मी त्याची धाकटी बहीण. बर्फात मला पहिल्यांदा त्यानेच नेलं, गाठी मारायला त्यानेच शिकवलं, त्यामुळे डोंगराच्या बाबतीत माझ्या वतीने बोलायचा मक्ता आपल्याकडेच आहे असं तो धरून चालतो. बर्फाच्या उभ्या भिंतींवर आम्ही दोघंच जातो. पुढे तो चढतो, खाली मी त्याचा दोर सांभाळत उभी असते. चढणारा घामाघूम असतो, त्याला थंडीचं काय? उभं राहणाऱ्याची मात्र हाडं गोठतात. दोरावरचा हात काढता येत नाही, येरझारा घालता येत नाहीत, आणि वरच्या माणसाने बर्फात कुऱ्हाड मारली की सगळा चुरा आपल्या मानेवर येतो.

म्हणून उभं राहताना सगळ्या कपड्यांवरून चढवायला एक मोठं जॅकेट लागतं. ओझं वाढू नये म्हणून आम्ही दोघांत एकच नेतो. जो उभा, त्याच्या अंगावर ते. ऐकायला अगदी न्याय्य वाटतं. पण पुढे कायम दादा, म्हणजे उभी कायम मी. तो वर पोचला की मी त्याने धरलेल्या दोरावर भराभर चढून जाते, त्याला थांबावं लागतं ते थोडकंच. आणि जॅकेटची पिशवी? तीही मागून येणाऱ्याच्या पाठीवर, म्हणजे माझ्याच. वाहणार मी, कुडकुडणार मी, आणि वजनाची चिंता याला.

गेल्या मोसमात निवड त्याचीच होती. पिसं भरलेलं जॅकेट, दुकानात कसं गुबगुबीत दिसत होतं. घाम आणि ओला बर्फ मिळून दुपारपर्यंत ते चिंब झालं, आतली पिसं गोळा होऊन बसली आणि माझ्या अंगावर नुसती दोन ओली कापडं उरली. बोटं बधिर होतायत, असं मी ओरडून सांगितलं. वरून आवाज आला की जरा हलव. परत आल्यावर वहिनीने माझे हात कोमट पाण्यात धरून ठेवले. मी कळवळत होते आणि हा बाहेरच्या खोलीत मित्रांना फोटो दाखवत होता.

पोटापाण्यासाठी मी कवळ्या बनवते. मेणात दाताची कड कोरताना डोळ्यांपेक्षा बोटांच्या टोकांचं जास्त काम असतं. त्या खेपेनंतर कितीतरी दिवस माझ्या उजव्या हाताच्या दोन बोटांना मेण कुठे संपतं तेच कळेना. कवळ्या परत येऊ लागल्या. कुणाला हिरडीत टोचते, कुणाच्या तोंडात हलते. आमच्या मालकीणबाई चांगल्या आहेत, पण त्यांनीही मला बाजूला घेऊन विचारलं, हात बरा होणार आहे ना, नाहीतर मला दुसरं कुणीतरी बघावं लागेल. बोटं हळूहळू ताळ्यावर आली. मात्र डॉक्टरांनी बजावलं की पुन्हा असं झालं तर ती परत येतीलच अशी आशा धरू नका. हे सगळं मी दादाला सांगितलं. शांतपणे, शब्द न् शब्द. तो म्हणाला, "तुझं थंडीचं लहानपणापासूनच आहे गं. जरा नाजूकच आहेस तू."

नाजूक. याची पिशवी वाहणारी मी नाजूक.

तर यंदा सिंथेटिकच घ्यायचं, एवढं मी भांडून पदरात पाडून घेतलं होतं. त्यातलं कृत्रिम तंतूंचं भरण ओलं झालं तरी बऱ्यापैकी ऊब धरतं. पिसांपेक्षा जड असतं, पिशवीत जागा खातं, असू दे. आता घोडं अडलं होतं ते जाडीपाशी. विक्रेता पातळ पातळ जॅकेटं काढत होता आणि दादा मान डोलावत होता. मी म्हटलं, ही चालताना घालायची, मला उभं राहायचंय. तेव्हा त्या भल्या माणसाने मला बायकांच्या कपाटाकडे नेलं आणि कंबरेत आवळलेलं एक जांभळं जॅकेट पुढे केलं.

मी घरून हेल्मेट आणि कंबरेचा पट्टा घेऊनच आले होते. दोन्ही चढवले आणि वरून ते जांभळं प्रकरण घातलं. दुकानातली दोनचार माणसं वळून बघायला लागली, बघेनात का. जॅकेटची टोपी हेल्मेटवर येईना. हात वर केला तर जॅकेट पट्ट्याच्याही वर सरकलं आणि पाठ उघडी पडली. चेन खालून उघडत नव्हती, मग पट्ट्याला अडकवलेला दोर मी सांभाळणार कुठून? विक्रेता म्हणाला की रंग तुम्हाला खुलून दिसतो. मी त्याला सांगितलं, तिथे मला बघायला कुणीही नसतं.

मला हवं होतं ते सगळ्यात खालच्या कप्प्यात सापडलं. करड्या रंगाचं, ढगळ, जाडजूड. टोपी हेल्मेटसकट डोकं गिळणारी, चेन दोन्हीकडून उघडणारी, आत ओले हातमोजे सुकवायला मोठे खिसे. घातलं आणि मला दुकानातच बरं वाटलं. दादाने ते माझ्या अंगावरून उतरवून घेतलं, तोललं आणि तो हसला. ही तर गादी आहे, म्हणाला. विक्रेत्याने लगेच त्याची री ओढली. मग दादा मला समजावायला लागला, लहान मुलांना समजावतात तसा. डोंगरात वजन म्हणजे सगळं असतं, भिंतीवर खरी मेहनत पुढच्याची असते, त्याचा वेग महत्त्वाचा.

"आणि तू काय," तो म्हणाला, "नुसती उभी तर असतेस."

माझ्या डोक्यात सणक गेली. एरवी मी तिथेच आवाज चढवला असता. पण का कोण जाणे, आवाज उलट खालीच गेला.

"बरं," मी म्हटलं. "हलकं घे. पण यंदा पुढे मी चढणार. सगळी भिंत. तू उभा राहा."

तो हसला आणि मग त्याने माझ्याकडे नीट बघितलं. दुसऱ्यांबरोबर मी पुढे चढते, चांगली चढते, हे त्याला माहीत होतं. नाही म्हणायला त्याच्याकडे काही कारण नव्हतं. मग त्याने विचारलं, यंदाच्या भिंतीखाली उभं राहायची जागा सावलीतच आहे ना? मी म्हटलं, सावलीतच. ऊन तिथे येतच नाही.

दादाने हातातलं करडं जॅकेट उलटंसुलटं करून पाहिलं. मग अंगात घातलं. चेन गळ्यापर्यंत ओढली, टोपी चढवली, मनगटाचे पट्टे आवळले, हात पुढे करून तो दोर धरल्यासारखा उभा राहिला. गादी हा शब्द आता कुणीच काढत नव्हतं.

"याहून जाड काही आहे का?" त्याने विक्रेत्याला विचारलं. "थंडी मला जरा जास्तच बाधते."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मनासारखं जॅकेट मिळत होतं आणि मला आनंद म्हणून होत नव्हता. माझी दोन बोटं सुन्न झाली, नोकरी जाता जाता राहिली, डॉक्टरांनी धोक्याचं सांगितलं, यातलं काहीही याला पटलं नव्हतं. स्वतःला तिथे उभं राहावं लागेल एवढ्या नुसत्या कल्पनेने पटलं.

याहून जाड नव्हतं. विक्रेता तेच बांधायला घेऊन गेला, तेव्हा दादा माझ्याजवळ सरकला आणि हळूच म्हणाला, ते पुढे चढायचं तू थट्टेत म्हणालीस ना. मी म्हटलं, थट्टा नव्हती. तो खाली माझ्या हाताकडे बघत राहिला.

"तेव्हा खरंच एवढी गेली होती का गं बोटं?"

"वर्ष झालं, दादा," मी म्हटलं. "आणि विचारतोयस आज."