दुष्काळी सालातली रास

मेहकरच्या सुमनबाईचं तोंड एकदा सुरू झालं की थांबायचं नाव नाही. पण त्या दिवशी लेकीनं तिला मधेच अडवलं.

"माय, उडदाची रास लगेच करून घे. आठवड्याभरात मोठा पाऊस येणार." प्रियंका बंगळूरला हवामान शिकत होती, सुट्टीला आली होती.

"अगं, सगळा श्रावण कोरडा गेला! टीव्हीवर दुष्काळी साल म्हणायलेत, अन् तू पावसाचं सांगायलीस?"

"साल दुष्काळीच हाय. तिकडं लांबचा समुद्र तापलाय म्हणून. पण ढगांचा एक मोठा पट्टा महिना-दीड महिन्याला फिरून येतो, तो आता आपल्याकडं सरकायलाय. सालाची गोष्ट वेगळी, आठवड्याची वेगळी."

सुमनबाईनं नवऱ्याकडं बघितलं. बाबूलाल वर्षभर तोंड उघडत नसे, पण एकदा भडकला की भांडी अंगणात. "कळलं," ती म्हणाली. "ह्यांच्यासारखंच की!"

"पण खात्री न्हाई, माय. दहातनं सात."

"सात म्हणजे पास!"

बोलायला सोपं होतं. कापलेला उडीद अजून पुरता वाळला नव्हता. तसाच मळणीच्या मशीनला घातला तर दाणा फुटणार, अन् ठेवावा तर पावसात कोंब येणार. शिवाय सावड होती. पाच घरच्या बाया आळीपाळीनं एकमेकींची रास करायच्या. सगळ्यांनी घाई केली अन् पाऊस आलाच नाही, तर नुकसान पाच घरांचं अन् नाव प्रियंकाचं.

बाबूलालचा चुलतभाऊ राजपाल तर हसतच सुटला. "वैनी, पोरगी शिकली म्हणून ढगबी तिचं ऐकायलेत व्हय?"

"ढग न्हाई रे, तीच ढगांचं ऐकायली!" सुमनबाई फणकारली. मग बायांकडं वळली. "पहिली रास माझी. फुटला तर माझा दाणा फुटू दे."

फुटलाच थोडा. पण तिनं हूं का चूं केलं नाही, अन् ते बघून बाकीच्या तयार झाल्या. पाचही घरचा उडीद घरात आला.

अन् मग कडक ऊन पडलं! रोज तेच. पाणवठ्यावर बाया तिच्याशी बोलेनात. सुमनबाई उठल्याबरोबर आभाळ बघे. लेकीवर राग येई, अन् राग आला म्हणून स्वतःचीच लाज वाटे. प्रियंका मोबाईलवर नकाशे बघत बसायची, जेवायची नाही.

चौथ्या दिवशी दुपारी आभाळ काळंकुट्ट झालं. राजपालचा उडीद अजून रानातच पडला होता; तो बोंबलत शेताकडं पळाला. त्याच्यामागं ताडपत्र्या घेऊन सावडीच्या बाया पळाल्या, तेव्हा कुठं त्याचा निम्मा उडीद वाचला. पाऊस मग असा कोसळला की आठवडाभर उघडीप नाही. सुमनबाईच्या घरात पोत्यांमुळं पाय ठेवायला जागा नव्हती, अन् ती त्या पोत्यांवर बसून मोठ्यानं रडत होती, हसत होती.

दारात राजपाल उभा राहिला, नखशिखांत भिजलेला. बाबूलालकडं त्यानं बघितलंसुद्धा नाही.

"प्रियंका," तो खालच्या आवाजात म्हणाला, "आता ज्वारी कधी पेरू, बाई?"

"अगोदर च्या पी!" सुमनबाई गरजली. "मग इचार. लेक माझी हाय, कुठं पळून जायली न्हाई!"