कळत हुतं

आक्काताईनं पोटच्या पोराला स्वतःच्या हातानं पोलीस चौकीत नेऊन उभं केलं, हे गल्लीला अजून पचलेलं नाही. पोलिसांना तर सूरजचं नावसुद्धा ठाऊक नव्हतं. पण ही बाईच तसली. लहानपणी सूरजनं शेजारची काच फोडली, तेव्हाही कान धरून त्याला त्यांच्या दारात नेलं होतं. चूक केली की आपल्या पायानं जाऊन सांगायचं, लोक माफ करतात, एवढंच तिला माहीत. दिवसभर खानावळीत भाकऱ्या थापणाऱ्या बाईला कायदा शिकवणार कोण?

घडलं ते असं. पेठेची फुटबॉलची मॅच होती. आपल्याकडं मॅच म्हणजे काय, ते नव्यानं सांगायला नको. निम्मी पेठ जेवणखाण सोडून मैदानावर असते. शेवटी शेवटी एक गोल झाला, पंचानं तो दिला नाही, आणि दोन्ही बाजूंनी दगड सुरू झाले. सूरज सतरा वर्षांचा. त्यानंही एक उचलला आणि समोरच्या गर्दीत भिरकावला. तो बसला केरबाच्या डोक्यात. केरबा म्हणजे मैदानावर भडंग विकणारा म्हातारा. त्याच्याकडचं भडंग खात खातच सूरज एवढा झाला होता.

दुसऱ्या दिवशी पोरगं ताटावर बसेना. आक्काताईनं खोदून खोदून विचारलं तेव्हा सगळं बाहेर आलं. तिनं पिठाचे हात तसेच पदराला पुसले.

"चल. माफी माग. ल्हान हाईस, चार दिवसांत सोडतील."

सूरजनं चपला घातल्या आणि मुकाट तिच्यामागनं गेला.

सोडलं नाहीच. आठवडा उलटायच्या आत केरबा दवाखान्यात वारला. मारामारीच्या कलमाचं खुनाचं कलम झालं, आणि सूरज रिमांड होममध्येच राहिला. गल्लीतली माणसं आक्काताईच्या तोंडावर बोलायला लागली, की बाई, तू आई हाईस का वैरीण.

सरकारनं दिलेल्या वकीलबाई, पूर्णिमाबाई, माणूस म्हणून चांगल्या. त्यांनी आक्काताईला समोर बसवून नीट समजावलं. बाल न्याय मंडळ आता एवढंच बघणार, की आपण काय करतोय आणि त्यानं काय होईल, हे पोराला त्या वेळी कळत होतं का. कळत होतं असं ठरलं, तर त्याची केस मोठ्या माणसांच्या कोर्टात जाऊ शकते. नाही ठरलं, तर पोर म्हणून इथंच निकाल लागेल, काही काळ सुधारगृहात काढून घरी येईल. गर्दीत त्याला काही सुचलं नसेल, तर त्यानं तसं सांगावं, असं त्या म्हणाल्या.

आक्काताईनं त्यातलं हवं तेवढं उचललं. भेटीच्या दिवशी तिनं सूरजला जवळ ओढलं.

"मंडळातल्या बाई इचारतील, दगडानं मानूस मरतंय हे कळत हुतं का. न्हाय म्हनायचं."

"पर आई, कळत हुतं की."

"मला नगं सांगूस. न्हाय म्हन."

"आन केरबाआज्जा?"

"त्यो गेला. तू ऱ्हायलाईस."

जन्मात पहिल्यांदा ती पोराला खोटं शिकवत होती, आणि ते शिकवताना तिला स्वतःची लाज वाटत होती. पण लाज धरून पोर घरी येत नाही. तिनं दोनदा त्याच्याकडनं वदवून घेतलं. दोन्ही वेळा तो पुटपुटला, न्हाय.

मंडळापुढं गेले तेव्हा टेबलामागच्या बाईंनी अगदी मायेनं विचारलं. "सूरज, दगड डोक्यात बसला तर काय होतं, तुला माहीत होतं?"

सूरज खाली बघत उभा राहिला. आक्काताईनं पदराचा बोळा मुठीत आवळला. अंबाबाई, एवढं एकदा त्याला खोटं बोलू दे, पुन्हा काही मागणार नाही, असं ती मनात म्हणत होती.

"व्हय. कळत हुतं."

"कसं काय?"

"आईनं सांगितलंय. ल्हानपनी शाळंमागच्या चिंचा दगडानं पाडायचो. आई वरडायची, कुनाच्या टाळक्यात बसला तर जीव जाईल त्येचा."

आणि त्यानं आईकडं बघितलं. बरोबर उत्तर दिल्यावर पोरगं बघतं तसं. त्या नजरेला आक्काताईला न्हाय म्हणता येईना. तिनं मान हलवली. टेबलामागच्या बाई लिहायला लागल्या.

निकाल लागला तो तसाच. पोराला परिणामांची पूर्ण जाणीव होती. केस मोठ्या कोर्टात.

बाहेर पायरीवर आक्काताई बराच वेळ बसून राहिली. पूर्णिमाबाई शेजारी येऊन बसल्या.

"बाई," आक्काताईनं विचारलं, "म्हंजे मी त्येला कायबी शिकवलं नसतं, तर आज ना उद्या पोरगं घरला आलं असतं न्हवं?"

तव्याच्या चटक्यांनी काळा पडलेला तिचा हात पूर्णिमाबाईंनी हातात घेतला, आणि रिक्षा येईपर्यंत तसाच धरून ठेवला.